टायग्रिसवर दोन निशाणांखाली

सव्वाशे फूट लांब, वीस फूट रुंद आणि पाण्याखाली जेमतेम दोन फूट. लढाऊ जहाजाचं हे माप समुद्रावर नोकरी केलेल्या माणसाला लवकर पटत नाही. आमच्या पंचवटीत पावसाळ्यात गंगेला म्हणजे गोदावरीला किती पाणी आलं हे दुतोंड्या मारुतीवरून सांगतात. घोट्याला लागलं, गुडघ्याला लागलं, कमरेवर गेलं. मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागायच्या आत ही बोट तोफेसकट रामकुंडाच्या खालच्या अंगाला तरंगली असती. तिचं नाव ‘फायरफ्लाय’. नोव्हेंबर १९१५ मध्ये ती पाण्यात उतरली आणि १ डिसेंबरला तुर्कांच्या हाती पडली. पुढचे पंधरा महिने ती ‘सलमान पाक’ या नावाने उस्मानी निशाणाखाली चालली. फेब्रुवारी १९१७ मध्ये इंग्रजांनी ती परत मिळवली आणि १९२० मध्ये ती युफ्रेटिसमध्ये बुडाली. पाच वर्षांचीही पुरी नोकरी नाही, पण तिच्या प्रत्येक वळणावर काठावर आपली माणसं होती. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर, नगर, नाशिक या जिल्ह्यांतून मराठा पलटणींत भरती झालेली माणसं. म्हणून ही गोष्ट मराठीत सांगितली पाहिजे असं मला फार दिवस वाटत होतं.

मी भारतीय नौदलात बॉयलर रूमचा माणूस. लोणावळ्याला आयएनएस शिवाजीवर शिकलो आणि उमेदीची सगळी वर्षं वाफेच्या जहाजांवर काढली. निवृत्त झाल्यावर पंचवटीत हिरावाडीकडे घर केलं. मूळ गाव सातारा जिल्ह्यातलं. गावच्या चावडीच्या भिंतीत संगमरवराची एक फरशी बसवलेली आहे. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला या गावातून किती जण गेले आणि किती परतले नाहीत, एवढंच तिच्यावर इंग्रजीत कोरलं आहे. नावं नाहीत, आकडे आहेत. अशा फरशा महाराष्ट्रात अनेक गावांत सापडतात. आमची आजी त्या लढाईला ‘बसऱ्याची लढाई’ म्हणायची. त्या फरशीपासून सुरुवात करून मी वाचत गेलो आणि या बोटीपाशी येऊन थांबलो, कारण तिचा घात बॉयलरनं केला होता.

आधी तिच्यासारख्या लहान लढाऊ बोटींची जातकुळी सांगतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उस्मानी म्हणजे तुर्की साम्राज्याकडे मोठं आरमार उभारायला पैसा नव्हता. म्हणून त्यांनी लहान, वेगवान टॉर्पेडो बोटी परदेशांतून विकत घेतल्या. फ्रान्सच्या श्नायडर कंपनीनं १९०७ च्या सुमारास त्यांना चार बांधून दिल्या. त्यांतल्या दोघींची नावं पुढे गाजली, ‘देमिरहिसार’ आणि ‘सुलतानहिसार’. टॉर्पेडो बोट म्हणजे पातळ पत्र्याचं अरुंद अंग, पोटात जमेल तेवढं मोठं इंजिन आणि दोन-तीन टॉर्पेडोच्या नळ्या. चिलखत नाही, मोठी तोफ नाही. वेगानं जवळ जायचं, टॉर्पेडो सोडायचा आणि निसटायचं, एवढाच तिचा धंदा. वजन साधारण ९७ टन, वेग ताशी २६ सागरी मैल. ‘फायरफ्लाय’चं वजन ९८ टन, म्हणजे दोघी वजनानं जवळजवळ सारख्या, पण फायरफ्लायचा वेग अवघा साडेनऊ मैल. इंजिनाची ताकदही टॉर्पेडो बोटीच्या बाराव्या हिश्शाच्या आसपास. एकीनं सगळं वजन वेगावर खर्च केलं. दुसरीनं ते उथळ पाण्यावर आणि एका चार इंची तोफेवर खर्च केलं. ज्या गुणासाठी बोट बांधली, त्याच गुणामुळे तिचं अंग कुठेतरी उघडं पडलं. शंभर टनांत सगळं बसत नाही. लहान लढाऊ बोटींची सगळी कहाणी मला या एका हिशेबात दिसते.

सुलतानहिसारचं नशीब चांगलं होतं. ३० एप्रिल १९१५ ला मार्मारा समुद्रात ऑस्ट्रेलियाची ‘एई-२’ ही पाणबुडी तोल सुटून अचानक वर आली आणि हिच्या समोर उघडी पडली. सुलतानहिसारचा कप्तान अली रझा यानं टॉर्पेडोही सोडले, पण काम झालं ते ३७ मिलिमीटरच्या छोट्या तोफेनं. गोळे पाणबुडीच्या इंजिन रूमच्या अंगाला लागले आणि भोकं पडली. आता पुन्हा पाण्याखाली जाणं अशक्य होतं. पाणबुडीचा कप्तान हेन्री स्टोकर यानं माणसं बाहेर काढली आणि बोट स्वतःच बुडवली. सगळे ३२ जण जिवंत कैद झाले. तिचा सांगाडा १९९८ मध्ये समुद्रतळाशी सापडला. हे कैदी लक्षात ठेवा, पुढे त्यांची वाट आपल्या माणसांच्या वाटेला भिडते.

आता टायग्रिस, मेसोपोटेमियातली म्हणजे आजच्या इराकमधली नदी. नोव्हेंबर १९१४ मध्ये इंग्रजांची हिंदी फौज इराणच्या आखातात उतरली. ती होती सहावी म्हणजे पुणे डिव्हिजन. तिच्यात तीन मराठा पलटणी होत्या, १०३, ११० आणि ११७. पुढे मराठा लाइट इन्फंट्रीत त्या अनुक्रमे पहिली, तिसरी आणि पाचवी बटालियन झाल्या. त्यांतली ११७ वी मुंबईहून सर्वांत आधी निघालेल्या ब्रिगेडमध्ये होती. २२ नोव्हेंबरला बसरा पडलं आणि फौज नदीच्या वाटेनं वर सरकू लागली.

त्या मुलखात रस्ता म्हणजे नदीच. बसऱ्याहून बगदाद नदीच्या वळणावळणांनी सुमारे ८०० किलोमीटर. रेल्वे नाही, पक्की सडक नाही. पीठ, डाळ, गोळे, घोड्यांचा चारा, जखमी माणूस, सगळं नदीवरून जायचं आणि नदीवरूनच यायचं. आणि ही नदी आपल्या नद्यांच्या उलट चालते. आपल्याकडे जून-जुलैत पूर येतो. तिकडे उत्तरेच्या डोंगरांतलं बर्फ वितळून मार्च ते मे पाणी फुगतं, उन्हाळा सरता सरता ते इतकं उतरतं की जागोजागी वाळूचे दांडे उघडे पडतात. समुद्रातलं जहाज तिथे निरुपयोगी.

मे १९१५ मध्ये कुर्ना गावाच्या वर सगळा मुलूख पाण्याखाली होता आणि तुर्कांची ठाणी बेटांसारखी वर राहिली होती. तेव्हा १७ व्या ब्रिगेडचे जवान ‘बेलम’ नावाच्या स्थानिक होड्यांत बसून बांबूनं होड्या ढकलत चालून गेले. या ब्रिगेडमध्ये १०३ वी मराठा पलटणही होती. कोकणातल्या पोराला होडी नवी नव्हती, पण माण-खटावच्या दुष्काळी गावातून आलेल्या पोरानं वेतांच्या रानातून होडी ढकलत शत्रूवर जायचं म्हणजे काय, याची कल्पना करून पाहा. त्याच मोहिमेत ‘मार्मारिस’ ही फ्रान्समध्ये बांधलेली तुर्की गनबोट इंग्रजांनी गाठली आणि तिच्याच खलाशांनी ती निकामी करून सोडून दिली. ३ जूनला मूठभर माणसांच्या धाकावर अमारा शहर शरण आलं. हा विजय इतका स्वस्तात मिळाला की वरिष्ठांची नजर थेट बगदादवर गेली. माझ्या मते पुढचा सगळा अनर्थ या सोप्या विजयातून निघाला.

नदीवर लढायचं तर नदीसाठीच बांधलेल्या बोटी हव्यात हे लंडनला कळलं होतं. स्कॉटलंडच्या यॅरो कंपनीनं त्या आखल्या. एकूण सोळा, सगळ्यांना माशी-किड्यांची नावं. त्या सुट्या भागांत जहाजांवर चढवल्या गेल्या आणि आबादानला आणून पुन्हा जोडल्या गेल्या. गुप्तता राहावी म्हणून या बोटी चीनसाठी आहेत असं सांगितलं जाई. फायरफ्लाय ही त्यातली पहिली.

दोन फूट पाण्यात पंखा कसा फिरवायचा, हा खरा पेच होता. पंखा लहान केला तर बोटीला ढकलायला जोर पुरत नाही. मोठा केला तर तो तळाच्या खाली येऊन वाळूत रुततो. यॅरोनं बोटीच्या तळाला मागच्या अंगाला एक बोगदा केला आणि पंखा त्यात बसवला. पंख्याचा वरचा भाग बाहेरच्या पाण्याच्या पातळीच्या वर असतो, पण फिरायला लागला की तो बोगद्यातली हवा बाहेर फेकतो, पाणी वर ओढून घेतो आणि बोगदा भरतो. मग पूर्ण पंखा पाण्यात काम करतो. मी नकाशा पाहिला तेव्हा बराच वेळ त्यावरून नजर हटली नाही. फार सुंदर काम आहे.

पण बॉयलरला असा बोगदा करता येत नाही. समुद्रावरच्या जहाजात बॉयलर पाण्याच्या पातळीखाली ठेवतात. बाजूला कोळशाच्या कोठ्या असतात, बाहेर समुद्र असतो, गोळा तिथवर पोहोचायला अवघड. दोन फूट खोल बोटीत बॉयलर ठेवायचा कुठे? तो पाण्याच्या वरच उभा राहणार. त्याच्यात आणि काठावरच्या तोफेत फक्त पत्रा. यॅरो बॉयलरची रचना अशी असते: वर एक मोठा ड्रम, खाली दोन बाजूंना दोन लहान ड्रम आणि त्यांना जोडणाऱ्या शेकडो बारीक नळ्या. दोन बाजूंच्या या नळ्यांच्या उताराखाली मधोमध आग. पाणी नळ्यांत, आग बाहेर. त्यामुळे वाफ झटकन तयार होते आणि वजन कमी लागतं, लहान बोटीला हे सोयीचं. पण त्या नळ्यांतली एक जरी फुटली तरी आमच्या पोटात गोळा येई. दाबाखालचं उकळतं पाणी आगीवर पडून वाफ होते आणि ती मिळेल त्या वाटेनं बाहेर येते. गेज ग्लासमधलं पाणी डोळ्यांदेखत खाली जातं, दाबाचा काटा घसरतो. एका नळीचं काम असेल तर बॉयलर बंद करून, थंड करून ती नळी दोन्ही टोकांना बुजवायची आणि पुन्हा आग पेटवायची. त्याला तास लागतात. मोठ्या जहाजाला दुसरा बॉयलर असतो. फायरफ्लायला एकच होता.

नोव्हेंबर १९१५ च्या अखेरीस पुणे डिव्हिजन जनरल टाउनशेंड याच्या हुकमतीखाली बगदादच्या अगदी अलीकडे, टेसिफॉनला भिडली. जुन्या इराणी बादशहांच्या राजवाड्याची प्रचंड कमान तिथे अजून उभी आहे आणि शेजारी सलमान फारसी यांचा दर्गा आहे, त्यावरून गावाचं नाव सलमान पाक. २२ नोव्हेंबरपासूनच्या लढाईत डिव्हिजनची साडेचार हजारांवर माणसं मेली किंवा जखमी झाली. लढणाऱ्यांचा तिसरा हिस्सा. तुर्कांचंही नुकसान मोठं झालं, पण त्यांच्यामागे बगदाद होतं. इकडे मागे होती फक्त नदी. जखमींना स्प्रिंग नसलेल्या गाड्यांतून नदीपर्यंत आणलं आणि बोटींवर, तराफ्यांवर लादलं. बसऱ्याला पोहोचेपर्यंत कित्येकांच्या पट्ट्या बदललेल्या नव्हत्या. इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या मेजर कार्टर यानं त्या बोटींची अवस्था स्पष्ट शब्दांत लिहिली. वरिष्ठांनी आधी त्यालाच दटावलं. १९१७ मध्ये मेसोपोटेमिया कमिशनचा अहवाल आला आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला.

माघार सुरू झाली. पायदळ काठानं, बोटी नदीतून. ३० नोव्हेंबरच्या रात्री उम्म-अत-तुबुलला मुक्काम पडला. १ डिसेंबरला उजाडलं तेव्हा दिसलं की तुर्कांची छावणी तोफेच्या टप्प्यात आहे. पुणे डिव्हिजनच्या तोफांनी त्या तंबूंवर भडिमार केला आणि फायरफ्लायच्या चार इंची तोफेनंही हात दिला. तुर्कांची पहिली गडबड ओसरल्यावर त्यांच्या तोफा बोटींकडे वळल्या. एक गोळा फायरफ्लायच्या बॉयलरमध्ये शिरला.

त्या क्षणी आत काय झालं असेल हे मला पुस्तकातून शिकावं लागत नाही. वाफ गेली की इंजिन थांबतं. इंजिन थांबलं की सुकाणूला पाण्याचा जोर मिळत नाही आणि बोट प्रवाहाच्या मर्जीनं काठाकडे जाते. ‘कॉमेट’ या जुन्या बोटीनं तिला ओढून न्यायचा प्रयत्न केला. त्या खटपटीत दोघी वाळूत रुतल्या. तुर्की शिपाई काठावर अगदी जवळ आले होते. शेवटी ‘सुमाना’ ही छोटी बोट धीर करून आली आणि तिनं दोन्ही बोटींची माणसं उचलली. कॉमेट पेटली. फायरफ्लाय तशीच राहिली. पाण्यात उतरून तिला महिनाही झाला नव्हता.

३ डिसेंबरला थकलेली फौज कूत-अल-अमारा गावात शिरली आणि काही दिवसांत वेढली गेली. वेढा १४७ दिवस चालला. या वेढ्याविषयी खूप लिहिलं गेलं आहे, मी नदीपुरतंच बोलतो. कूत गाव नदीच्या डाव्या काठावर, एका मोठ्या वळणात. समोर उजव्या काठावर लोकरीच्या गठ्ठ्यांचा कारखाना असलेली छोटी वस्ती होती. ती वस्ती राखायला ११० वी मराठा पलटण आणि १२० वी पलटण ठेवली होती. म्हणजे आपल्या माणसांच्या पाठीला नदी आणि तिन्ही बाजूंना तुर्क. पलीकडून पीठ आणि गोळ्या आणणारी, आजारी माणूस न्यायला येणारी त्यांची एकमेव सोबत होती तीच सुमाना. उम्म-अत-तुबुलला तिनं खलाशी वाचवले आणि पाच महिने या पलटणींची नाळ राखली. मोठ्या जहाजांचे इतिहास लिहिले जातात. सुमानासारख्या बोटीचं नाव तळटीपेत येतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आत पीठ संपत आलं. जव होते पण दळायला जाती नव्हती, तेव्हा विमानातून जात्याचे दगड टाकले गेले. घोडे कापून खायची वेळ आली. हिंदी शिपायांतल्या बहुतेकांनी ते मांस शेवटपर्यंत किंवा शेवटच्या आठवड्यांपर्यंत नाकारलं आणि हिरड्या सुजून, हगवणीनं माणसं झिजली. २४ एप्रिलच्या रात्री ‘जुलनार’ नावाची बोट २७० टन शिधा घेऊन वेढा फोडायला निघाली. तुर्कांनी नदीत आडवा लोखंडी दोर बांधून ठेवला होता, तिथे ती अडकली. तिचे दोन अधिकारी, फर्मन आणि काउली, प्राणाला मुकले. दोघांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. २९ एप्रिल १९१६ ला कूत शरण आलं. सुमाना आणि जुलनार तुर्कांच्या हाती गेल्या आणि सुमारे तेरा हजार माणसं कैद झाली.

पुणे डिव्हिजन तिथे संपली. त्या युद्धात ती पुन्हा उभी राहिली नाही. कैद्यांना बगदादहून समारापर्यंत रेल्वेनं नेलं. पुढे मोसुलवरून रास-अल-ऐनपर्यंत बहुतेक वाट पायी, उन्हाळ्यात, अर्ध्या उपाशी. हजारो वाटेत आणि छावण्यांत मेले. जगले त्यांतल्या पुष्कळ हिंदी शिपायांना बगदाद रेल्वेच्या कामावर लावलं. त्याच रेल्वेच्या टॉरस डोंगरातल्या बेलेमेदिकच्या कामावर ‘एई-२’ पाणबुडीचे खलाशी राबत होते. सुलतानहिसारनं पकडलेला ऑस्ट्रेलियन खलाशी आणि कूतला पकडलेला साताऱ्याचा शिपाई, दोघेही एकाच लोहमार्गाची माती उपसत होते.

इकडे तुर्कांनी फायरफ्लायची दुरुस्ती केली. बगदादला इंग्रजांच्या व्यापारी आगबोटी वर्षानुवर्षं ये-जा करत, त्यामुळे बॉयलर समजणारे कारागीर तिथे होते. तिचं नवं नाव ठेवलं सलमान पाक, ज्या गावापाशी पुणे डिव्हिजन थांबली आणि परत फिरली त्या गावाचं. विजयाचं नाव बोटीला देण्याची रीत जगभर आहे. मुंबईत इंग्रजांनी १८९० च्या आसपास आणलेल्या एका टॉर्पेडो गनबोटीचं नाव ‘असाय’ होतं, आपल्या मराठवाड्यातलं असई, जिथे १८०३ मध्ये शिंदे-भोसल्यांच्या फौजा हरल्या. त्याच बंदरात ‘मराठा’ नावाची टॉर्पेडो बोटही होती.

उस्मानी निशाणाखाली सलमान पाकनं नदीवर पुरवठा, पहारा आणि वेळ आली तर तोफ, अशी चाकरी केली. टायग्रिसच्या त्या पट्ट्यात तुर्कांकडे तिच्या तोडीची दुसरी बोट नव्हती. उथळ पाण्यात चालण्याची यॅरोची सगळी कारागिरी आता इंग्रजांच्या विरुद्ध कामाला आली.

डाव उलटला फेब्रुवारी १९१७ मध्ये. इंग्रजांच्या जनरल मॉड यानं आधी काही महिने रेल्वे, गोद्या, बोटी, इस्पितळं उभी केली होती आणि मगच हालचाल केली. २३ फेब्रुवारीला त्याच्या फौजेनं कूतच्या वर शुमरानला नदी ओलांडली आणि तुर्क मागे निघाले. २६ फेब्रुवारीला कॅप्टन नन ‘टॅरंटुला’, ‘मँटिस’ आणि ‘मॉथ’ या मोठ्या गनबोटी आणि फायरफ्लायच्या दोन बहिणी घेऊन पाठलागाला लागला. हाच नन १९१५ मध्ये उम्म-अत-तुबुलला होता. नहर-कलक इथे नदी एक तीव्र वळण घेते. त्या वळणावर तिन्ही बाजूंनी तुर्कांच्या पिछाडीच्या तोफा आणि मशीनगन्स अगदी जवळून बरसत होत्या. मँटिसचा वाट दाखवणारा आणि सुकाणूवरचा माणूस, दोघेही तिथेच गेले. मॉथला गोळ्यामागून गोळे लागले. तरी ते निघून गेले आणि पुढे पळणाऱ्या तुर्की बोटी त्यांना सापडल्या. सलमान पाक त्यांच्या हाती आली, सुमानाही आली. ११ मार्चला बगदाद पडलं. बोटीच्या नावाची पाटी पुन्हा फायरफ्लाय झाली.

इथे गोष्ट संपली असती तर इंग्रजांच्या पुस्तकांतला सुखान्त झाला असता. पण १९२० मध्ये इराकच्या लोकांनी, आपल्यावर राज्य करायला आता इंग्रज बसले आहेत हे पाहून, उठाव केला. जुलैमध्ये रुमेथा गावात इंग्रजांचं ठाणं वेढलं गेलं. त्या ठाण्यात ११४ व्या मराठा पलटणीचे जवान होते. महायुद्ध संपून दोन वर्षं होत आली तरी आपली पोरं अजून तिथेच, आता दुसऱ्याच्या स्वातंत्र्याविरुद्ध, आणि इकडे देशात १ ऑगस्टला टिळकांचं निधन झालं आणि असहकाराची हाक दिली गेली. त्या शिपायांच्या मनात काय चाललं असेल याचा विचार केल्याशिवाय मला हा भाग वाचता येत नाही.

२४ जुलैला हिल्ल्याजवळ मँचेस्टर रेजिमेंटची तुकडी रात्री कापली गेली आणि तिची एक १८ पौंडी तोफ उठावकऱ्यांना मिळाली. फायरफ्लाय तेव्हा युफ्रेटिसवर कुफा गावाच्या वेढलेल्या ठाण्याला आधार देत उभी होती. ऑगस्टमध्ये उठावकऱ्यांनी तीच तोफ काठावर आणली आणि बोटीवर डागली. बोट पेटली आणि बुडाली. १९१५ सारखंच, काठावरची एक तोफ आणि पाण्यावर उघडं अंग. तिची बहीण ‘ग्रीनफ्लाय’ त्याच महिन्यात पाणी उतरल्यामुळे खिद्रजवळ वाळूत रुतली. सोडवणुकीचे सगळे प्रयत्न फसले आणि तीही गेली.

जखमी आणि आजारी माणसांचा एक ओघ आमच्या नाशिकपर्यंत आला होता. देवळालीच्या छावणीत युद्धकाळात ३४ वं वेल्श जनरल हॉस्पिटल होतं. मेसोपोटेमियातून आलेली माणसं मुंबईहून आगगाडीनं तिथे आणली जात. पंचवटीहून देवळालीला मी अनेकदा जातो. तोफखान्याचं शहर म्हणून ते सगळ्यांना ठाऊक आहे, त्या इस्पितळाविषयी मात्र विचारलं तर माणसं नवलानं पाहतात.

मेलेल्यांसाठी इंग्रजांनी बसऱ्याजवळ माकील इथे मोठं स्मारक बांधलं. १९९७ मध्ये ते नासिरियाच्या रस्त्यावर हलवलं गेलं. ज्यांची कबर किंवा चिता कुठे हे माहीत नाही अशा चाळीस हजारांहून अधिक माणसांसाठी ते आहे. भिंतीवर गोऱ्या शिपायाचं नाव आहे, हिंदी अधिकाऱ्याचंही आहे. साध्या हिंदी शिपायाचं नाव नाही, पलटणीखाली फक्त आकडा. आमच्या चावडीतल्या फरशीची तीच तऱ्हा. २०२१ मध्ये कॉमनवेल्थ युद्धकबर आयोगानं नेमलेल्या समितीनं हा भेद उघडपणे मांडला आणि आयोगानं त्याबद्दल माफी मागितली.

नावं मात्र नष्ट झालेली नाहीत. भिंतीवर घातली नाहीत तरी ती आयोगाच्या नोंदवहीत छापली गेली आणि आता ती नोंदवही संगणकावर कुणालाही पाहता येते. पलटणीचा क्रमांक घालून शोधलं की एकेक नोंद उघडते. पुष्कळ नोंदींत शिपायाच्या नावापुढे बापाचं नाव, गाव, तालुका आणि जिल्हा लिहिलेला आहे. स्पेलिंग इंग्रज कारकुनाच्या कानाला जसं लागलं तसं, त्यामुळे गावाचं नाव दोन-तीन प्रकारांनी घालून पाहावं लागतं. १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ हे मराठा पलटणींचे क्रमांक. ज्यांच्या गावात अशी फरशी आहे त्यांनी आकड्याशी नावं ताडून पाहावीत आणि ग्रामपंचायतीला सांगून फरशीच्या शेजारी ती मराठीत लावून घ्यावीत. आमच्या गावाचं काम मी हाती घेतलं आहे.